भाऊ सौदीत, बहीण कॅनडात: सरकारी नोकरीच्या पडताळणीत नेमकं अडतं कुठं?

मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरला आहे, चाकूरला बीएसएफचं आहे. त्यामुळं नांदेड-लातूरच्या पोरांना वर्दी काही टीव्हीवरच दिसत नाही, बाजारात, एसटी स्टँडवर रोज समोर दिसते. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, उदगीर, निलंगा, कुठल्याही रस्त्यानं पहाटे निघा, भरतीसाठी पळणारी पोरं-पोरी दिसतील. मैदानी होते, लेखी होते, मेडिकल होतं, यादीत नाव येतं. घरात पेढे वाटून होतात. आणि मग एक फॉर्म हातात येतो.

सरकारी भाषेत त्याला साक्षांकन नमुना म्हणतात, बोलताना सगळे अटेस्टेशन फॉर्म म्हणतात. त्यात एका रकान्यावर काही पोरांचा पेन थांबतो. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा किंवा बायको यांचं राष्ट्रीयत्व काय? जन्म कुठला? सध्या राहतात कुठं?

कुणाचा भाऊ रियाधमध्ये ड्रायव्हर आहे. कुणाची बहीण लग्न होऊन कॅनडात गेली आहे. कुणाच्या आजीचा भाऊ हैदराबाद संस्थान गेल्यावर कराचीला गेला, तो तिकडंच राहिला. मग गावात सल्ले सुरू होतात. "लिहूच नको बाबा, उगं कशाला लचांड मागं लावून घेतो?"

हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सगळ्यात महागात पडतो तो हाच. परदेशात नातेवाईक असणं हा गुन्हा नाही आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती अपात्रताही नाही. ते लपवणं मात्र नोकरी घालवू शकतं. त्याचबरोबर, सगळं खरं सांगूनही काही पोरं अडकतात, आणि का अडकली हे त्यांना कुणी सांगत नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

फॉर्म काय विचारतो, काय विचारत नाही

केंद्र सरकारच्या नेहमीच्या साक्षांकन नमुन्यात सुरुवातीलाच इशारा असतो. खोटी माहिती दिली किंवा खरी माहिती दडवली तर उमेदवार नोकरीसाठी अपात्र ठरू शकतो, असं तिथं स्पष्ट छापलेलं असतं. पुढं तुम्ही कुठं कुठं राहिलात ते विचारतात. वयाच्या २१ वर्षांनंतर परदेशात एक वर्षापेक्षा जास्त राहिला असाल तर ती सगळी ठिकाणं लिहायची. तिथं 'पाकिस्तानसह' असा शब्द वेगळा घातलेला आहे, यावरून सरकारचं लक्ष कुठं असतं ते कळतं. त्यानंतर आई-वडील, जोडीदार आणि सख्खी भावंडं यांचं राष्ट्रीयत्व, जन्मठिकाण, धंदा आणि पत्ता. मुलं परदेशात शिकत किंवा राहत असतील तर त्यांचीही माहिती.

या नमुन्यात आत्या, मावशी, मामा, चुलतभाऊ यांचा रकाना नाही. काही दलांचे आणि गुप्तवार्ता खात्याचे फॉर्म याहून खोलात जातात, सासरची माहितीही मागतात. म्हणून दुसऱ्याचा फॉर्म बघून स्वतःचा भरू नका. तुमच्या हातातल्या कागदावर जे विचारलंय त्याचं पूर्ण आणि खरं उत्तर द्या.

परदेशात राहणं वेगळं, परदेशी नागरिक असणं वेगळं

इथं फार पोरं गोंधळतात. सौदी, दुबई, कतार, कुवेतला कामाला गेलेला भाऊ भारतीयच असतो. त्याचा पासपोर्ट भारताचा असतो, तिथं तो कामाच्या परवान्यावर असतो. त्याच्या नावापुढं राष्ट्रीयत्व 'भारतीय' आणि पत्ता तिथला, एवढंच लिहायचं.

अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळालेली बहीणसुद्धा भारतीय नागरिकच असते. ग्रीन कार्ड हा तिथं कायम राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे. पण तिनं अमेरिकेचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं नागरिकत्व आपोआप जातं. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. मग तिच्याकडं ओसीआय कार्ड असलं तरी ती कायद्यानं परदेशी नागरिक. फॉर्ममध्ये तसंच लिहावं लागेल.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्याशी जोडलेल्या शीख घरांत कॅनडा-इंग्लंडची नाती असतात. लातूरच्या इंजिनिअर पोरांची घरं अमेरिकेत झाली आहेत. एमबीबीएसला रशिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्सला गेलेली लेकरं तर दोन्ही जिल्ह्यांत आहेत. म्हणजे हा प्रश्न कुठल्या एका समाजाचा राहिलेला नाही. फोन करून विचारा, "ताई, तू तिकडचं नागरिकत्व घेतलंस का?" आणि मगच रकाना भरा.

सरकारला नात्याची काळजी कशासाठी?

कारण साधं आहे. ज्याचं जवळचं माणूस दुसऱ्या देशाच्या हद्दीत आहे, त्याच्यावर त्या माणसामार्फत दबाव आणता येतो. "तुझा भाऊ इथं आहे, आमचं काम कर" असं कुणी म्हणू शकतं. दुसरी भीती पैशाची आणि तिसरी मायेची. हे जगातली सगळी सरकारं बघतात.

मात्र सगळ्या नोकऱ्यांना एकच फूटपट्टी नसते. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, आरोग्य सेवक यांच्या पडताळणीत मुख्य भर गुन्हे दाखल आहेत का आणि कागद खरे आहेत का यावर असतो. निमलष्करी दलं, सैन्य, संरक्षण संशोधन, अणुऊर्जा, गुप्तवार्ता इथं नात्यांकडं बारकाईनं बघतात. देश कुठला यानंही फरक पडतो. नेपाळचे गोरखे नेपाळचे नागरिक राहून पिढ्यानपिढ्या आपल्या सैन्यात लढले. केंद्राच्या बऱ्याच नोकऱ्यांत, आयएएस-आयपीएस-परराष्ट्र सेवा सोडून, नेपाळ-भूतानच्या नागरिकांना पात्रता प्रमाणपत्र घेऊन अर्जही करता येतो. म्हणजे 'परदेशी' हा शब्द आला की दार बंद, असं कायदा म्हणत नाही. पाकिस्तानचं नाव आलं की मात्र वजन बदलतं.

राष्ट्रपतींचं लग्न आणि जवानाचं लग्न

के. आर. नारायणन १९९७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले, म्हणजे तिन्ही सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती. त्यांच्या पत्नी उषा नारायणन यांचा जन्म ब्रह्मदेशातला, मूळ नाव मा टिंट टिंट. १९५१ मध्ये लग्न झालं तेव्हा नारायणन परराष्ट्र सेवेत होते आणि परदेशी नागरिकाशी लग्नाला त्या सेवेत मनाई होती. त्यांनी पंडित नेहरूंकडून खास परवानगी घेतली, पत्नी भारतीय नागरिक झाल्या, आणि पुढं त्यांचं कुटुंब राष्ट्रपती भवनात गेलं. नातं परदेशी होतं, पण सरकारला आधीपासून माहीत होतं.

आता अलीकडचं बघा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. त्यानंतर काही दिवसांतच, मे महिन्याच्या सुरुवातीला, सीआरपीएफनं जम्मूच्या एका जवानाला बडतर्फ केलं. त्यानं आदल्या वर्षी पाकिस्तानी मुलीशी व्हिडिओ कॉलवर निकाह केला होता. लग्न लपवलं आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही तिला ठेवून घेतलं, असा दलाचा आरोप होता. जवानाचं म्हणणं होतं की त्यानं वरिष्ठांना कळवलं होतं आणि मुख्यालयाची परवानगीही मिळाली होती. विभागीय चौकशी न करता, ज्या नियमात चौकशीची गरज नसते तो नियम वापरून त्याला काढलं गेलं.

यात खरं कोण हे ठरवणं कोर्टाचं काम. पण आपल्या पोरांनी धडा घ्यायचा तो असा की तोंडी कळवणं म्हणजे कळवणं नव्हे. अर्ज, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख, आणि आलेलं उत्तर हे तिन्ही घरच्या पेटीत असले पाहिजेत.

नियम काय सांगतो? केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम २१ आहे. नागरी सेवेतल्या कर्मचाऱ्यानं परदेशी नागरिकाशी लग्न केलं तर सरकारला ताबडतोब कळवायचं, असं तो म्हणतो. म्हणजे साध्या नागरी नोकरीत कळवणं पुरतं. परराष्ट्र सेवेत, सैन्यात आणि वर्दीच्या दलांत आधी परवानगी, मग लग्न.

आपल्या भागाची जुनी गुंतागुंत

मराठवाड्यात हा विषय एका कारणानं जास्त नाजूक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. नांदेड तेव्हाही जिल्हा होता, लातूर उस्मानाबादमध्ये होतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर काही मुस्लिम कुटुंबं पाकिस्तानात गेली, काहींचे दोन भाऊ इथं राहिले आणि एक गेला. फाळणीत उलट्या दिशेनं सिंधी कुटुंबं आली, आज त्यांची दुकानं आपल्या बाजारपेठांत आहेत. त्यांच्याही आजोबांचं जन्मगाव आजच्या पाकिस्तानात आहे.

तीन पिढ्यांनंतर त्या नात्यात उरतं काय? ईदला एखादा मेसेज, नाही तर तेही नाही. पण नातवाच्या भरतीवेळी तेच नातं गावाच्या तोंडात येतं. पडताळणीचा कागद जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून विशेष शाखेत, तिथून ठाण्यात आणि बीट अंमलदारामार्फत पोलीस पाटलापर्यंत येतो. शेजारपाजारी विचारपूस होते. भाऊबंदकीचा किंवा बांधाचा वाद असेल तर कुणी काय सांगेल याचा नेम नाही. "त्यांचे पाव्हणे पाकिस्तानात असतात" एवढं वाक्य पोराच्या फाईलमध्ये गेलं, तर पुढं त्याला ते खोडून काढायची संधीही मिळत नाही, कारण ते त्याला दाखवतच नाहीत.

म्हणून पोलीस पाटील आणि गावकऱ्यांना एकच सांगणं आहे. माहिती असेल तेवढीच सांगा, ऐकीव गोष्ट जबाब म्हणून देऊ नका. त्या एका ओळीवर एका घराची भाकर असते.

धोका नात्यातूनच येतो का?

मे २०२३ मध्ये महाराष्ट्र एटीएसनं पुण्यात डीआरडीओचे शास्त्रज्ञ प्रदीप कुरुलकर यांना अटक केली. निवृत्तीला काही महिने उरले होते. समाजमाध्यमावर ओळख झालेल्या, पाकिस्तानी गुप्तहेर असल्याचा संशय असलेल्या बाईला त्यांनी गुप्त माहिती दिली, असा आरोप ठेवला गेला. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण या प्रकरणात पाकिस्तानातला काका-मामा कुठं नव्हता. जे झाल्याचा आरोप आहे ते हातातल्या मोबाईलवरून झालं.

रकाना नातं विचारतो, पण हल्ली शत्रू अनोळखी नंबरवरून गोड बोलत येतो. वर्दीत गेलेल्या पोरांनी आपली बटालियन, बदलीचं ठिकाण, कॅम्पचे फोटो स्टेटसला टाकणं बंद करावं. तीन पिढ्यांपूर्वी तुटलेल्या नात्यापेक्षा हा धोका कितीतरी जवळचा आहे. पडताळणी करणाऱ्यांनीही नात्याच्या नावाइतकंच माणसाच्या वागण्याकडं बघायला हवं.

अमेरिकेत संरक्षण खात्याशी संबंधित नोकरीला असाच परदेशी नात्यांचा फॉर्म असतो. तिथं नागरिक झालेल्या आपल्या लातूरच्या पोराला अशी नोकरी हवी असेल, तर उदगीरमधली त्याची आई त्या फॉर्ममध्ये परदेशी नातेवाईक ठरते! फरक एवढाच की तिथं निकष छापलेले आहेत, कुणालाही वाचता येतात. नातं किती जवळचं, बोलणं किती वेळा, देश कुठला, दबाव आणता येईल का, हे तोलून बघायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. नाकारलं तर कारण कळतं आणि अपील करता येतं. आपल्याकडं उमेदवाराच्या हातात असा निकषांचा कागद नसतो.

पोलिसांचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे

सुप्रीम कोर्टाचे काही निकाल पोरांनी माहीत करून ठेवावेत.

१९८३: मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला, तो पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कामात होता असा पोलीस अहवाल आल्यावर काढलं होतं. कोर्टानं ते रद्द केलं. नुसत्या पूर्वीच्या राजकीय कामावरून नोकरी काढून घेता येत नाही, असं सांगितलं.

२०१६: अवतार सिंग खटला. तो गुन्ह्यांची माहिती दडवण्याबद्दल होता, पण त्यातली तत्त्वं फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहेत. माहिती खरी हवी. जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून शिक्षा नाही. जी गोष्ट उमेदवाराला माहीतच नव्हती ती त्यानं दडवली असं म्हणता येत नाही. मात्र खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच पाहिजे असंही नाही, सरकार विचार करून नाकारू शकतं.

२०२३: केरळच्या मीडियावन वाहिनीला गृह मंत्रालयानं सुरक्षा मंजुरी नाकारली होती. ५ एप्रिल २०२३ ला कोर्टानं ते रद्द केलं. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की सरकारवर काही बंधनच उरत नाही असं नाही, त्यामागं आधार हवा, असं बजावलं. हा खटला वाहिनीचा होता, पण 'कारण गुप्त आहे' एवढ्यावर गप्प बसायची गरज नाही, हे त्यातून कळतं.

२०२४: हा निकाल आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचा. पश्चिम बंगालमध्ये बासुदेव दत्त १९८५ मध्ये आरोग्य खात्यात लागले. त्यांचं कुटुंब पूर्व पाकिस्तानातून आलेलं होतं. त्यांच्या नागरिकत्वावर शंका घेणारा पोलीस अहवाल आला २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आणि निवृत्तीच्या तोंडावर त्यांना घरी बसवलं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. सगळ्या राज्यांच्या पोलिसांना सांगितलं की नियुक्तीपासून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पडताळणी पूर्ण करा.

हे सहा महिने लक्षात ठेवा. फाईल लटकली तर लेखी अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

मग करायचं काय?

- फॉर्म भरण्याआधी घरात बसून नात्यांची यादी करा. प्रत्येकाचं नागरिकत्व कुठलं, ते विचारून खात्री करा.
- जे विचारलंय ते सगळं लिहा. जागा पुरत नसेल तर वेगळा कागद जोडा. भरलेल्या फॉर्मच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.
- घरात कुणी नोंदणीनं भारतीय नागरिक झालं असेल तर त्याच्या प्रमाणपत्राची प्रत जोडा.
- नोकरी लागल्यावर काही बदललं, म्हणजे लग्न झालं किंवा मुलगा परदेशात गेला, तर कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या.
- नाव वगळलं तर कारण लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, पण एक लक्षात ठेवा. गुप्तवार्ता विभाग, सीआरपीएफ, बीएसएफ यांना त्या कायद्यातून बरीच सूट आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग या दोन बाबी सोडल्या तर ते माहिती नाकारू शकतात.
- शेवटचा मार्ग कोर्टाचा. राज्याच्या नोकरीसाठी मॅट, केंद्रीय दलांसाठी हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. उशीर करू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथं मोफत मदत मिळते.

मागणी एवढीच

देशाची सुरक्षा हवीच. सीमेवर उभं राहणाऱ्याची चौकशी कडक व्हावी, याला कुणाचाच विरोध नसेल. या दोन जिल्ह्यांनी देशाला दोन गृहमंत्री दिले, नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. सुरक्षेचं महत्त्व आपल्याला दुसऱ्यानं शिकवायची गरज नाही.

पण चौकशी कडक असणं आणि आंधळी असणं यात फरक आहे. पोरानं खरं लिहिलं असेल तर त्याला खरं उत्तर मिळालं पाहिजे. कुठल्या नोकरीला कुठलं नातं अडतं हे आधीच जाहीर झालं पाहिजे, म्हणजे पोरगं चार वर्षं पळून झाल्यावर त्याला ते कळणार नाही. सहा महिन्यांची मुदत पाळली गेली पाहिजे. आणि नाकारायचंच असेल तर निदान एवढं सांगावं की हरकत नात्यावर आहे, कागदावर आहे की वागण्यावर. आमदार-खासदार गावात आले की रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा. भरतीच्या यादीत नाव येऊन घरी बसलेलं पोरगं तुमच्याही गावात असेल.